पोराला जवळ केलं म्हणजे पापाला साथ दिली का?

मी समुपदेशक आहे, आणि मुलगा समलैंगिक आहे हे कळलेल्या चार-पाच आया तरी वर्षातून मला हा प्रश्न विचारतात, बहुतेक सगळ्या आपल्या मराठी ख्रिस्ती घरातल्या, म्हणून एका ताईंचा अनुभव सांगते. त्यांची आणि मुलाची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ताई नगरकडच्या, महिला मंडळात कित्येक वर्षं, घरात रोज संध्याकाळी प्रार्थना. मुलगा पंचविशीतला, पुण्यात नोकरीला, पण गावी आला की चर्चमध्ये ढोलकी त्याचीच. नाताळच्या सुट्टीत लग्नाचा विषय निघाला तेव्हा त्याने आईला एकटीला गाठून सांगितलं, आई मला मुली नाही, मुलगे आवडतात, कळायला लागल्यापासून असंच आहे आणि हे जावं म्हणून मी किती वर्षं प्रार्थना करतोय. ताई माझ्याकडे आल्या तेव्हा मांडीवर बायबल, चेनवाल्या कापडी कव्हरातलं, आणि त्या कव्हरच्या खिशात वर्गणीच्या पाकिटांबरोबर एका मुलीचा बायोडाटा घडी करून ठेवलेला. म्हणाल्या, "मॅडम, लग्न लावून दिलं की होईल ना नीट? नाहीतर एक जण आहेत, उपास-प्रार्थना करून घालवतात म्हणे हे."

दोन्हीला मी सरळ नाही म्हणाले. लग्न लावलं तर त्या बायोडाट्यातल्या मुलीचं काय, तिने कुणाचं काय बिघडवलंय? आणि हा आजारच नाही तर घालवायचं काय, जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच आजारांच्या यादीतून हे काढलं, आणि 2022 मध्ये आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असं 'बदलायचे' उपचार करणं म्हणजे व्यवसायातलं गैरवर्तन ठरवलं. अमेरिकेत एक्झोडस इंटरनॅशनल नावाची मोठी ख्रिस्ती संस्था अनेक वर्षं हेच काम करत होती, 2013 मध्ये तिच्या अध्यक्षांनी लोकांची माफी मागितली आणि संस्था बंद झाली. ते काही विश्वास सोडलेले लोक नव्हते, हे मी ताईंना मुद्दाम सांगितलं.

मग त्यांचा खरा प्रश्न बाहेर आला, मी याला जवळ केलं तर देवाला काय तोंड दाखवू. बघा, मी समुपदेशक आहे, बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय, ज्याच्या आधारे समलैंगिक संबंधांना पाप म्हटलं जातं, तो कसा वाचायचा ते मी सांगणार नाही आणि ताईंनी आपली श्रद्धा बदलावी असंही मला वाटत नाही. पण परंपरा कडक पाळणारी कॅथलिक चर्चसुद्धा आपल्या धर्मशिक्षणात समलैंगिक संबंध चुकीचे आणि संयमाने राहावं असं सांगते, आणि त्याच ठिकाणी या लोकांना आदराने, करुणेने स्वीकारा, अन्यायाने भेदभाव करू नका असंही सांगते. ओढ असणं वेगळं, वागणं वेगळं, हा फरक परंपरेतच आहे. ताई कॅथलिक नाहीत, पण हे ऐकून जरा सावरल्या, आणि मग म्हणाल्या, गेल्या ईस्टरला प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये सगळे मिळून घेतात तो, प्याला आला तेव्हा याने न घेताच पुढे दिला होता, मला वाटलं सर्दी-बिर्दी झाली असेल.

त्या पोराने काहीच केलेलं नव्हतं हो. नुसतं मनात आहे म्हणून स्वतःला अपात्र ठरवून बसला होता.

पुढे मुलाच्या संमतीने पाळकसाहेबांना, म्हणजे त्यांच्या चर्चच्या धर्मगुरूंना, भेटायचं ठरलं, आधी अट घातली की हे त्या खोलीबाहेर जाणार नाही, पाळकीणबाईंनासुद्धा नाही. कारण आपल्याकडे 'प्रार्थना-विनंती' म्हणून गोष्ट निघते आणि रविवारपर्यंत सगळ्या मंडळीला माहीत असतं. पाळकसाहेबांनी स्पष्ट सांगितलं, लग्न स्त्री-पुरुषाचंच असं मी मानतो आणि शिकवतो, ते बदलणार नाही, पण तुझं मन कुणाकडे ओढ घेतं यावरून मी तुला प्रभूच्या मेजापासून उठवणार नाही, ढोलकीवरूनही नाही. मुलाने विचारलं, उद्या मी जोडीदार शोधला तर? ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, तर चर्चमधल्या तुझ्या सेवेबद्दल मला तुझ्याशी बोलावं लागेल, पण चर्चचं दार आणि तुमच्या घरी माझं येणं-जाणं बंद होणार नाही, आत्ताच सांगतो, नंतर मागून नको.

मुलाला ते लागलं, डोळ्यांत पाणी आलं. तरी मला विचाराल तर स्वागत सुरू होतं ते इथूनच, कुठे काय मिळेल आणि कुठे मिळणार नाही हे आधी तोंडावर सांगण्यापासून. 'सगळ्यांचं स्वागत' म्हणायचं आणि दोन वर्षांनी माणूस पुरता गुंतला की बाजूला करायचं, त्याने मोडलेली माणसं मी बघितलीत. आणि संयमाने एकटं राहा म्हणणाऱ्यांनी त्याची रविवारची दुपार कशी जाते तेही बघावं ना, कॅथलिक फादर-सिस्टरांना निदान एक घर असतं, आमच्या मंडळीत लग्न न झालेल्याला प्रत्येक जण फक्त "कधी करतोयस" एवढंच विचारतो. हे मी पाळकसाहेबांनाही बोलले. तेव्हापासून तो गावी असला की रविवारी त्यांच्याकडे जेवायला असतो.

पुढे कसं जगायचं ते त्याने अजून ठरवलेलं नाही आणि मी त्याला घाई करत नाही. ताईंनी बायोडाटा ज्यांचा त्यांना परत दिला, "सध्या बघत नाही" एवढंच सांगून. वडील अजून त्याच्याशी बोलत नाहीत, पण पुढच्या शनिवारी माझ्याकडे येतो म्हणालेत, एकटेच.