मधल्या सुट्टीतली सिगारेट

प्रश्न : मी आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडला आहे, वय 19. मित्रांबरोबर टपरीवर जाता-येता सिगारेटची सवय लागली. आता रोज पाच-सहा होतात. दोनदा सोडून पाहिली; पण दुसऱ्याच दिवशी चिडचिड होते, हात स्थिर राहत नाही आणि बीड (वेल्डिंगने जोडावर उमटणारी धातूची रेघ) वाकडा जातो. हळूहळू कमी करू की एकदम सोडू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : एकदम सोडा, असाच माझा सल्ला राहील. शरीरातील निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते आणि मेंदू पुन्हा त्याची मागणी करू लागतो. चिडचिड, अस्वस्थता व मन न लागणे हा त्याचाच परिणाम असून, हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि बहुतेकांमध्ये तीन-चार आठवड्यांत ओसरतो. दोन्ही वेळा तुम्ही नेमक्या त्या कठीण दिवसांतच माघार घेतलीत. म्हणून या वेळी सलग सुट्ट्या पाहून सुरुवात करा आणि आपल्या शिल्पनिदेशकांना आधी सांगून ठेवा. ते रागावतील ही भीती बहुधा अनाठायी ठरते.

खरी कसोटी मधल्या सुट्टीची आहे. मित्र तोडू नयेत, पण पहिला महिनाभर चहा कॅन्टीनमध्येच घ्यावा. तलफ काही मिनिटांत उतरते. ती फारच अनावर होत असेल, तर डॉक्टरांना विचारून निकोटीन गम घ्यावा. तो सावकाश चावून, तोंडात चुणचुण जाणवताच गालाशी धरून ठेवायचा असतो. त्याच्या आधी पंधरा मिनिटे चहासुद्धा नको.

तुमच्या ट्रेडमुळे मला अधिक काळजी वाटते. वेल्डिंगचा धूर मनुष्यात कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये ठरवले. जो धूर पोटापाण्यासाठी टाळता येत नाही, त्यात सिगारेटच्या धुराची भर कशाला?

शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला 2003 च्या कायद्याने मनाई आहे आणि महाराष्ट्रात सुट्या सिगारेटी विकण्यावर 2020 मध्ये बंदी आली. तरीही टपरीवर सुटी सिगारेट मिळतेच, आणि ती घेणाऱ्याच्या हाती पाकीट येत नसल्याने त्यावर छापलेला, व्यसन सोडण्यासाठी मदत करणारा 1800-11-2356 हा क्रमांक त्याच्या नजरेसही पडत नाही. त्यावर फोन विनामूल्य लागतो. सोडण्याचा दिवस ठरवण्याआधीच तो करा.