खापरपणजोबांचा लाल कोट म्युझियमकडे अडकलाय? आधी नकाराची तारीख बघा

ताई, तुमचं पत्र चार पानांचं, त्यातली साडेतीन पानं तुमच्या मिस्टरांच्या खापरपणजोबांवर, आणि ती मी मनापासून वाचली. सासऱ्यांनी इंग्लंडमधल्या म्युझियमला दिलेला त्यांचा लष्करी लाल कोट परत मिळेल का, हा तुमचा प्रश्न. पण अख्खी केस ठरवणारी ओळ तुम्ही अगदी शेवटी जाता जाता लिहिलीय. "नोव्हेंबर 2020 मध्ये म्युझियमचा ईमेल आला की युनिफॉर्म आमच्या मालकीचा आहे, परत मिळणार नाही, मग कोविडमध्ये विषय मागे पडला."

अहो, दावा लावायची मुदत त्याच दिवशी सुरू झाली! सासऱ्यांनी कोट 1974 ला दिला, पन्नास वर्षं उलटली, म्हणून तुम्ही घाबरलात, पण वस्तू नुसती ठेवायला दिली असेल तर मुदत दिल्या दिवसापासून धरत नाहीत, मागितल्यावर स्पष्ट नकार आला तिथून धरतात. इंग्लंडच्या 1980 च्या लिमिटेशन ॲक्टमध्ये ही मुदत सहा वर्षांची आहे, म्हणजे तुमच्यासाठी नोव्हेंबर 2026. आणि ती टळली की नुसता दावा बुडत नाही, मालकीच संपते, कोट कायद्याने त्यांचा होतो. मधे तुम्ही पाठवलेल्या आठवणीच्या ईमेल्सनी किंवा क्युरेटरबरोबर चहा प्यायल्याने एक दिवसही वाढत नाही. पुण्या-नागपूरहून मला अशीच पत्रं येतात, आजोबांची तलवार संस्थेला ठेवायला दिली, आता देत नाहीत, भारतात तर नकारापासून तीनच वर्षं असतात आणि लोक पाच वर्षांनी विचारतात. फार वाईट वाटतं.

"तो सरकारी गणवेश होता" हे म्युझियमचं म्हणणं मला कच्चं वाटतं. साध्या शिपायाला कपडे सरकारकडून मिळायचे, मिलिशियाचा, म्हणजे स्थानिक राखीव फौजेचा, ऑफिसर मात्र स्वतःच्या खिशातून शिंप्याकडे शिवून घ्यायचा. तुम्ही पाठवलेल्या जुन्या फोटोत आतल्या खिशावर शिंप्याचं लेबल दिसतंय, शाईने आडनाव आहे, आणि कॉलरची लेस (जरीची पट्टी) काळी पडलीय म्हणजे ती चांदीची असणार. 1881 च्या आधी मिलिशियाची लेस चांदीची आणि रेग्युलर आर्मीची सोन्याची असायची, त्यामुळे तुम्ही सांगता तो 1860 च्या दशकाचा काळ जुळतो. त्यांच्या नेमणुकीची नोंद लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्रात शोधून प्रिंट काढा. घराण्याच्या इतिहासातलं एवढंच कोर्टात उपयोगी पडेल.

कोट भेट दिला होता की ठेवायला, यावर मी आत्ता ठाम बोलत नाही. रिसीटवर "लोन" लिहिलंय ही जमेची बाजू, पण त्याच्या आधी "परमनंट" आहे आणि त्याचा अर्थ दोन्हीकडे ओढता येतो. दावा तुमच्या मिस्टरांनी लावायचा की सासऱ्यांच्या मृत्युपत्राच्या एक्झिक्युटरने (ते अमलात आणायला नेमलेल्या माणसाने), तेही मृत्युपत्र बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. नणंदेचा हिस्सा असू शकतो, तिला आजच फोन करा, नाहीतर ऐनवेळी तिची सही लागेल आणि ती सुट्टीवर असेल.

आता म्युझियमच्या ट्रस्टींना रीतसर नोटीस द्या, उत्तराला चौदा दिवस, आणि त्यातच विचारा की बोलणी चालू असेपर्यंत मुदत थांबवायचा लेखी करार करताय का. सही आली तर उत्तम. नाही आली तर ऑक्टोबर संपायच्या आत काउंटी कोर्टात दावा दाखल झालाच पाहिजे. कोर्ट पुढे वर्षभर तारखा देत बसेल, त्याचा वैताग येईल, पण दाखल मुदतीत झालं की त्या उशिराने तुमचा हक्क जात नाही. मात्र कोर्ट कोटच द्या म्हणेल की त्याची किंमत देऊन मोकळं करेल हे त्याच्या मर्जीवर असतं, म्हणून तुम्हाला पैसे नकोत, कोटच का हवाय, ते दाव्यात स्पष्ट लिहा.

आणि ती मूळ रिसीट पोस्टाने कुणालाही पाठवू नका, मलासुद्धा नाही. दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, मागे सासऱ्यांच्या हातची पेन्सिलची ओळ आहे म्हणता ती मला नीट वाचायचीय.