न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या जुन्या इमारतीत वाफेची हीटिंग सगळीकडे सारखी का पोहोचत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इमारत सहा मजली, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. बॉयलरच्या वरच्या फ्लॅटमधले लोक जानेवारीत खिडक्या उघडून बसतात आणि तुम्ही टोकाच्या फ्लॅटमध्ये स्वेटरवर शाल. प्लंबर नवा बॉयलर बसवा म्हणतोय, तर बसवावा का?

इतक्यात नको. आमच्या को-ऑपच्या (म्हणजे रहिवाशांच्याच मालकीच्या इमारतीच्या) बोर्डवर मी चार हिवाळे काढलेत आणि पहिले दोन चुकीच्या गोष्टीशी भांडण्यात गेले.

आधी रेडिएटरला पाइप किती येतात ते बघा. एकच असेल तर त्याच पाइपातून वाफ वर येते आणि तिचं झालेलं पाणी खाली जातं. बॉयलर बंद असताना हे सगळे पाइप हवेने भरलेले असतात. भरलेल्या एसटीसारखं आहे हे: आतले उतरल्याशिवाय बाहेरच्यांना चढता येत नाही. हवेला उतरायचे दरवाजे म्हणजे एअर व्हेंट. रेडिएटरच्या बाजूला लागलेली ती छोटी चकचकीत बोंडं. हवा असेपर्यंत ती उघडी राहतात, वाफ पोहोचली की मिटतात.

पण खरा दरवाजा बेसमेंटमध्ये, मुख्य पाइपाच्या शेवटच्या टोकाला असतो, आणि तिकडे कोणी बघत नाही. आमच्याकडचा गंजून बंद पडला होता. मग त्या लांबलचक पाइपातली सगळी हवा बिचाऱ्या रेडिएटरच्या बोंडांतूनच बाहेर पडायची. जवळच्या लाइनी (फ्लॅटकडे वर जाणारे पाइप) पाच-सात मिनिटांत गरम, टोकाची लाइन अर्ध्या तासाने. तोवर कंट्रोलच्या हिशेबाने इमारत तापलेली, बॉयलर बंद! एका म्हाताऱ्या प्लंबरने हे नुसतं घड्याळ लावून आणि पाइपाला हात लावून शोधलं. मोठे व्हेंट बसवल्यावर सगळ्या लाइनी जवळपास एकदमच तापायला लागल्या. हा खर्च नव्या बॉयलरच्या पासंगालाही पुरला नसता.

त्याआधी आम्ही केलेला शहाणपणा म्हणजे बॉयलरचा दाब वाढवणं. तो करू नका. घरातला कुकर साधारण १५ पीएसआय (दाबाचं एकक) इतक्या दाबावर चालतो, या हीटिंगला दोनच्या आत पुरतो. दाब वाढवला की इंधन जातं, व्हेंट फुसफुसतात आणि थंड फ्लॅट थंडच राहतो. दाब नियंत्रकाखालची वळणदार नळी गाळाने तुंबली असेल तर त्याला खरा दाब कळतच नाही, तीही साफ करून घ्या.

मुख्य पाइप मार्गी लागला की मग रेडिएटरकडे वळा. टोकाच्या फ्लॅटना जरा जलद हवा सोडणारे व्हेंट, बॉयलरजवळच्यांना सावकाश सोडणारे. ज्यांना फारच उकडतं त्यांच्यासाठी रेडिएटर आणि व्हेंट यांच्यामध्ये बसणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह मिळतो. खालचा मोठा व्हॉल्व्ह मात्र पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद. अर्धवट ठेवला की पाणी परत जायला अडतं आणि रात्री पाइपात हातोडे पडल्यासारखे आवाज होतात. तेच आवाज रेडिएटर उलटा कलल्यानेही होतात. त्यावर पाणसळ ठेवून बघा, उतार व्हॉल्व्हच्या बाजूला हवा. नसेल तर लांबच्या पायाखाली लाकडाची चकती सरकवा. (आमच्याकडे एका आजींनी नाणी रचली होती. चाललं.)

बेसमेंटमध्ये पाइपांवरचं पांढरं जाड आवरण निघत असेल तर ते हाताने ओढू नका, जुन्या इमारतीत ते बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. ते काढायला परवानाधारक माणूसच हवा. काढल्यावर नवं आवरण घालायला मात्र विसरू नका, उघड्या पाइपात वाफेचं वाटेतच पाणी होतं.

भाड्याने राहत असाल तर न्यूयॉर्कचा नियम माहीत असू द्या: १ ऑक्टोबर ते ३१ मे, सकाळी ६ ते रात्री १० या वेळात बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की घरात किमान ६८ हवं. रात्री, बाहेर काहीही असो, किमान ६२. नसेल तर ३११ या शहराच्या तक्रार नंबरवर फोन करा. को-ऑप असेल तर तक्रार फिरून आपल्याच खिशात येते म्हणा.

दोन पाइपवाला रेडिएटर निघाला तर वरचं बरंचसं विसरा. तिथे संशय स्टीम ट्रॅपवर, म्हणजे वाफ अडवून पाणी पुढे सोडणाऱ्या झडपेवर घ्यायचा. आणि व्हेंट स्वतः बदलणार असाल तर बॉयलर बंद, रेडिएटर गार, मगच आटे फिरवा.