धोंडो या नावाचा अर्थ काय? ते धुंडिराजचं बोलीतलं रूप आहे का?

तुमच्या पणजोबांचं नाव धोंडो होतं, आणि 'पोराचं नाव दगड कोण ठेवेल, मूळ नाव धुंडिराजच असणार' असं घरचे म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. पण ठेवत असत, आणि मुद्दाम ठेवत.

धुंडिराज हे काशीच्या गणपतीचं नाव. त्यातला 'ढुंढ्' म्हणजे शोधणे. दादासाहेब फाळके धुंडिराज गोविंद होते, महर्षी कर्वे मात्र धोंडो केशव. ही दोन वेगळी नावं आहेत. धोंडो सरळ धोंड्यावरून आलं. शेवटचा 'ओ' दत्तो, राघो, मोरो यांत आहे तोच. धोंडू, धोंडिबा, धोंडिराम ही त्याचीच भावंडं.

माझे खापरपणजोबाही धोंडो. त्यांच्या आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती, असं आजी सांगायची. देवी, पटकी, घटसर्प. घरात मूल टिकायचं नाही. मग पुढच्याला असं नाव द्यायचं की दृष्ट लागू नये, सटवाईनं आणि यमानंही 'याचं काय करायचं' म्हणून पुढे जावं. दगडू, केरू (केरातला), भिकाजी (भीक मागून आणलेला) ही नावं त्याच भीतीतून आली. मुलाचं नाक टोचून मुलगी भासवायची, त्यावरून नथू. मुलींचीही नावं अशी असत: धोंडूबाई, दगडाबाई. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी यांच्या नावात तोच धोंडा आहे.

पण धोंडा म्हणजे नुसता टाकाऊ नव्हे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दगड उन्हापावसात टिकतो. पारस्कर गृह्यसूत्र या घरगुती संस्कारांच्या जुन्या संस्कृत ग्रंथात बाप नवजात मुलाला म्हणतो, 'अश्मा भव, परशुर्भव', दगड हो, कुऱ्हाड हो, आणि पुढे शंभर शरद जगण्याचा आशीर्वाद देतो. हे नाव त्या मंत्रावरूनच आलं असं मी म्हणत नाही, पण आईबापांची इच्छा तीच. कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली, वयाच्या १०५व्या वर्षी गेले. हे आठवलं की मला दर वेळी भरून येतं.

आणि हे फक्त गरिबाघरचं नाव होतं असंही नाही. १८५७च्या उठावातल्या नानासाहेब पेशव्यांचं नाव धोंडोपंत.

म्हणून वंशावळ लिहिताना कृपा करून त्याचं धुंडिराज करू नका. जुनी पत्रिका सापडली तर तिच्यात दुसरंच जन्मनाव निघेल, तेही शेजारी लिहा. आणि घरात नव्वदीची कोणी आत्या, आजी असेल तर तिला एवढंच विचारा: धोंडोच्या आधी त्या आईची किती मुलं गेली होती?