मनाली-लेह सायकलवर: सायकली ट्रान्सपोर्टनं पाठवू का? (उत्तर जरा लांबलंय)

लातूरकर भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. चार-पाच मित्र, गणपती उठले की निघायचं, मनाली ते लेह सायकल, सोयाबीन काढणीच्या आत घरी, आणि तुमचा ट्रान्सपोर्टवाला म्हणायला की "सायकली द्या, आठवड्यात मनालीला पोचवतो". बाकी सगळं राहू द्या, या शेवटच्या वाक्यावर माझं डोकं सणकलं म्हणून लिहायला बसलो. हेच वाक्य आम्ही ऐकलेलं आहे, शब्दसुद्धा तेच.

रूट, थंडीचे कपडे, पंक्चर किट हे सगळं तुम्हाला कळतं असं धरून चालतो. सायकलींचंच बोलू.

आमच्या भागातल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात (नाव घेत नाही, उगा वाद नको) आम्ही सायकलींचे खोके नेऊन टाकले. चहा पाजला त्यांनी, मनाली का, मस्त हो, बर्फ दिसतो का तिथं वगैरे विचारलं, आणि बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडली. पोचण्याचं ठिकाण मनाली, माल जुन्या वापरातल्या सायकली, नग, वजन, सगळं बरोबर. कोपऱ्यात जांभळ्या शाईचा शिक्का, ओनर्स रिस्क, म्हणजे नुकसान झालं तर ज्याचा माल त्याचं. तो शिक्का सगळ्याच बिल्ट्यांवर असतो म्हणून त्यात काही वेगळं नव्हतं. आम्ही रेल्वेनं निघालो, वाटेत रोज फोन, रोज एकच उत्तर, "गाडी रस्त्यात आहे, येऊलालीय." मनालीत पोचून बिल्टीवरचा तिकडचा नंबर लावला तर तो माणूस मंडीचा निघाला आणि त्यानं ती एजन्सी कधीच सोडलेली. परत आपल्या इकडच्या ऑफिसला फोन, तर साहेब जेवायला गेलेत. मग साहेब बँकेत गेलेत. मग साहेबांनीच उचलला आणि काय म्हणाले माहितीये, "बिल्टीवर पोचायची तारीख कुठं लिहिलीय, दाखवा."

खरंच नसते हो. बिल्टीवर बुकिंगची तारीख असते, पोचण्याची नसते. आणि यामागची गोष्ट कुणीच आपण होऊन सांगत नाही ती अशी की तुमचे चार खोके म्हणजे पार्ट लोड, अख्खी गाडी न भरणारा माल. इथून मोठ्या हबपर्यंत माल रोज जातो, तिथवर त्यांचा शब्द खरा असतो. पण तिथून पुढं डोंगराकडं त्या बाजूचा माल साचून गाडी भरली तरच गाडी निघते, नाहीतर माल गोडाऊनला पडून. आमच्या सायकली दिल्लीच्या अलीकडं एका गोडाऊनमध्ये पडून होत्या आणि इकडचा माणूस रस्त्यात आहे म्हणून सांगत होता. एका अर्थानं रस्त्यातच होत्या म्हणा!

दोघं जण रात्रीच्या बसनं उलटे खाली गेले. गोडाऊनवाल्यानं ओरिजिनल बिल्टी बघितली, हमाली मागितली, ती दिली, आणि मग त्यानं वहीत बघून डेमरेज मागितलं. म्हणजे माल त्यांनी अडकवला आणि मुक्कामाचं भाडं आम्ही भरायचं. भरलं, काय करता. खोक्यांवर बाण काढून "ही बाजू वर" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, आणि त्यावर फरशीच्या पेट्या रचलेल्या. एका सायकलचा मागचा हँगर (गिअर बदलणारा डिरेलर ज्याला अडकवतात तो तुकडा) आत वाकला होता, गिअर टाकला की डिरेलर स्पोकला घासत होता. मनालीत एका दुकानवाल्यानं पान्हा लावून हळूहळू सरळ करून दिला आणि पैसेही बेताचेच घेतले, तो माणूस देव भेटला. त्या ऑफिसला नंतर लेखी तक्रार दिली, पोच मिळाली, उत्तर अजून यायचंय.

पैशाचं मला इतकं वाईट वाटत नाही. दिवस गेले त्याचं वाटतं. कारण परतीची तारीख हलत नाही, आमच्यातही शेतीवाले होतेच, सोयाबीन शेंग फुटायला आली की थांबत नाही. मग गेलेले दिवस कुठून काढायचे? सगळे ग्रुप तेच करतात जे आमच्या ग्रुपनं केलं, वरचे मुक्काम कापतात. आणि या रस्त्यावर नेमकं तेच कापायचं नसतं.

नीट बघा. मनाली साधारण २०५० मीटरवर. जिस्पा ३२०० च्या आसपास, तिथवर बहुतेकांना उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास होत नाही. पुढचा मोठा मुक्काम सगळे सरचूचा धरतात, ते ४३०० च्या जवळ. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हा साधा नियम, आणि जिस्पा ते सरचू एका दमात केलं की त्याच्या दुप्पट उडी होते. शिवाय सरचू फार बेक्कार जागी आहे. मागं बारालाचा खिंड, ४८९० मीटर. पुढं नकीला खिंड आणि मग लाचुंग ला, ती पाच हजारांच्या वर. म्हणजे रात्री कुणाला त्रास झाला आणि खाली न्यायचं म्हटलं तरी आधी वर चढावं लागतं. हे नकाशात सपाट बघून कळत नाही, उंचीचा आलेख काढून बघा.

आमच्यातला जो सगळ्यात दणकट, बीआरएम (मुदतीत संपवायची लांब पल्ल्याची सायकल राईड) मारणारा, २०० किमीला साडेतेरा तासांची मुदत असते तर हा दुपारीच संपवून रसवंतीवर बसलेला असायचा, तोच सरचूला आडवा झाला. संध्याकाळी डोकं, मग उलट्या, आणि रात्री तंबूबाहेर जायला उठला तर दारू प्यायल्यासारखा झोकांड्या द्यायला लागला. झोकांडी गेली की थांबायचं नसतं, ते मेंदूपर्यंत गेल्याचं लक्षण. पहाटे खाली निघालेल्या एका टेम्पोत त्याला घातला, बारालाचा ओलांडून केलाँगला आणला, तिथं दवाखाना आहे. उतरला तसा माणसात आला. त्याची ट्रिप तिथंच संपली आणि सोबत जो गेला त्याचीही.

मी डॉक्टर नाही, म्हणून डायमॉक्सचं, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं, तुमच्या डॉक्टरांना विचारा. प्रतिबंधाला १२५ मिलिग्रॅम दोनदा असं बहुतेक सांगतात, पण सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी ते सांगा. आणि गोळी घेतली म्हणून मुक्काम कापायची मुभा मिळत नाही. आपण मराठवाड्यातली माणसं चार-पाचशे मीटरवर राहणारी, म्हैसमाळ म्हणजे आपलं थंड हवेचं ठिकाण, ते हजाराच्या थोडं वर. खुलताबादहून म्हैसमाळ चढून या, मांजरसुंब्याचा घाट मारा, पायाला फायदा होईल, उंचीला काडीचा होणार नाही. फिट माणूस वेगात वर जातो म्हणून उलट लवकर सापडतो, असं आपलं माझं मत.

तर सायकलींचं माझं मत, पटलं तर घ्या.

पहिल्यांदा जाताय तर मनालीतच भाड्यानं घ्या. स्वतःच्या सायकलचा सोस मलाही आहे, पण चालतंय. घेताना ब्रेक पॅड, मागचा हँगर, चाकाचा डुगडुगाट बघा, आणि मुख्य म्हणजे लेहहून सायकल परत आणायचा खर्च कुणाचा हे पैसे द्यायच्या आधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी नको.

स्वतःचीच न्यायची असेल तर तुम्ही ज्या रेल्वेनं जाल त्याच रेल्वेनं सायकलही यायला पाहिजे. नांदेड-अमृतसर सचखंड एक्सप्रेस परभणी, जालना, संभाजीनगर करत अंबाल्यावरून जाते (तिथं उतरून पुढं रस्त्यानं मनाली), तुम्हाला लातूरहून परभणी किंवा नांदेड गाठावं लागेल. तिकीट दाखवून लगेज म्हणून ब्रेकव्हॅनला (गाडीच्या सामानाच्या डब्याला) बुक करायचं, पार्सल म्हणून नाही. लगेज तुमच्या तिकिटावर तुमच्या गाडीत येतं, पार्सल जागा मिळेल त्या गाडीत येतं. काउंटरवर हा शब्द स्पष्ट सांगा. जागा मिळेलच असं नाही, म्हणून गाडीच्या खूप आधी पोचा, आणि अंबाल्याला गाडी थांबली की एकानं आधी ब्रेकव्हॅनकडं पळायचं, चहाकडं नाही. (या गाडीत वाटेत काही स्टेशनांवर लंगर मिळतो, स्वतःचं ताट नि पेला सोबत ठेवा. वरण, भाजी, पोळी, एकदम घरच्यासारखं. पोटभर जेवलो आहोत.) चार-पाच जण असाल तर तवेरासारखी गाडी कॅरिअरसकट करूनही जाता येतं, महाग पडतं पण सायकल डोळ्यासमोर राहते.

आणि काही झालं तरी मुक्कामाचा एक जादा दिवस केलाँग-जिस्पाला आणि एक पट्सेओला ठेवाच. पट्सेओ ३८०० च्या आसपास, मधली पायरी म्हणून चांगली. दिवस कमी पडले तर शेवट कापा, लाचुंग ला उतरल्यावर पांग लागतं, तिथून पुढं गाडीत बसा, मोरे प्लेन्सवर तसंही समोरचा वारा जीव काढतो. लोक हसतील, हसू द्या. लेहच्या आधीची तंगलंगला खिंड ५३२८ मीटर आहे, ती पुढच्या वर्षीही तिथंच असेल.

परतीला मात्र ट्रान्सपोर्ट चालतो. तेव्हा घाई नसते, पडू द्या गोडाऊनला महिनाभर. फक्त डेमरेज किती दिवसांनी लागतं ते लिहून घ्या, आणि पोचायचं ठिकाण असं टाका जिथं त्यांची स्वतःची ब्रांच आहे, एजंट नाही.

लडाखमध्ये आपलं प्रीपेड सिम चालत नाही, एकाकडं तरी पोस्टपेड असू द्या.

तुम्ही शेवटी विचारलंय की त्याच ट्रिपला मनालीजवळच्या सोलंगला स्कीइंग पण जमेल का. नाही जमणार, सप्टेंबरात तिथं गवत असतं. बर्फ डिसेंबर-जानेवारीपासून मार्चपर्यंत, तेही आजकाल भरवशाचं नाही. ती वेगळी ट्रिप करा, गुलमर्ग किंवा औली. तासाभराचे पैसे घेऊन ढकलून देणाऱ्यांच्या नादी लागू नका, दोन्हीकडं सरकारी कोर्स असतात, ते करा, सामान तिथंच मिळतं. बूट मात्र घाईत घेऊ नका, घोटा हलला तर मोठा, बोटं बधिर झाली तर लहान. गुलमर्गला पहिल्याच दिवशी गोंडोल्यानं (रोपवेनं) वर अफरवत डोंगरावर स्की घेऊन जायचा हट्ट करू नका, ते चार हजार मीटरच्या जवळ आहे आणि शिकायचा उतार खाली आहे. औलीला जाताना जोशीमठचा रोपवे चालू आहे का विचारून निघा, २०२३ च्या जानेवारीत जमीन खचली तेव्हा बंद केला होता.

खोकं पॅक करताना मागचा डिरेलर सोडवून चेनसकट आत बांधा, पुढच्या फोर्कच्या टोकांत प्लॅस्टिकचा अडकण घाला, सायकलच्या दुकानात फुकट मिळतो. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, जोर लावून आटे खाऊ नका. आणि जादा हँगर घ्याच, तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, मनालीत मिळेलच असं नाही. तुमच्या सायकलींची मॉडेलं इथं टाका, कोणता लागेल ते बघून सांगतो.