१६४०च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये सामान्य माणूस कुठे होता?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १६४२ नंतरचं इंग्लंडमधलं यादवी युद्ध म्हणजे पहिला चार्ल्स राजा आणि पार्लमेंटमधले जमीनदार यांचं भांडण. त्यात शेतकरी, विणकर, शिपाई नुसते मरायला उभे होते का? आणि १६६० मध्ये राजेशाही परत आल्यावर सगळं पुन्हा होतं तसं झालं का?

मरायला तर ते उभे होतेच, पण बोलायलाही उभे राहिले. त्यांचं बोलणं कागदावर उतरलेलं आहे, म्हणून या विषयाबद्दल मला इतकी आस्था आहे.

आधी गावाकडे पाहू. इंग्लंडमध्ये तेव्हा सुमारे ९,००० पॅरिश होते. पॅरिश म्हणजे एक चर्च आणि त्याच्याभोवतीचं गाव किंवा दोन-चार वाड्या. पगारी नोकरशाही जवळजवळ नव्हतीच. कॉन्स्टेबल, चर्चची व्यवस्था बघणारा चर्चवॉर्डन, रस्ते बघणारा, ज्यूरीत बसणारे, हे सगळे गावातलेच बरे खाऊनपिऊन असलेले शेतकरी आणि कारागीर असत, आणि ही कामं आळीपाळीने त्यांच्याकडे येत. १५९८ आणि १६०१च्या गरिबांसंबंधीच्या कायद्यांनी त्यात भर घातली. प्रत्येक पॅरिशने आपल्या गरिबांसाठी कर गोळा करायचा आणि कुणाला किती द्यायचं ते गावातल्याच नेमलेल्या माणसांनी ठरवायचं. म्हणजे लंडनचा हुकूम प्रत्यक्षात उतरायचा तो या माणसांच्या हातून. त्यांनी टाळाटाळ केली की राजाचं काही चालत नसे. चार्ल्सने पार्लमेंटला न विचारता जहाजपट्टी, म्हणजे नौदलासाठीचा कर, बसवली तेव्हा हेच झालं. ती भरायला नकार देणाऱ्या जॉन हॅम्पडेनवरच्या खटल्यात १२ पैकी ७ न्यायाधीशांनी राजाच्या बाजूने कौल दिला खरा, पण १६३९ पर्यंत ही पट्टी गावोगाव थकायला लागली होती.

मात्र ‘गाव’ म्हटलं की एकजूट डोळ्यांसमोर आणू नका. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून १६५० पर्यंत लोकसंख्या तीस लाखांच्या आसपासवरून पन्नास लाखांच्या घरात गेली. धान्य महागलं, मजुरी त्या मानाने वाढली नाही. ज्याच्याकडे विकायला धान्य होतं तो वर आला आणि ज्याला ते विकत घ्यावं लागत होतं तो खाली गेला. त्यात गायरानांना कुंपणं पडू लागली. ज्याची एक गाय आणि दोन मेंढ्या त्या गायरानावर चरत होत्या, त्याच्यासाठी कुंपण म्हणजे थेट उपासमार. १५४९ मध्ये नॉरिचजवळच्या माऊसहोल्ड हीथवर रॉबर्ट केटच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ ठोकून बसले. त्यांच्या २९ मागण्यांत जमीनदारांनी गायरानावर आपली जनावरं चारू नयेत ही मागणी होती, आणि वेठबिगारांना मुक्त करा ही सुद्धा. केटला त्याच वर्षी फाशी दिलं. १६०७ मध्ये मिडलँड्समध्ये, म्हणजे मध्य इंग्लंडमध्ये, पुन्हा उठाव झाला आणि तोही चिरडला गेला.

आता युद्ध. १६४१ मध्ये स्टार चेंबर हे राजाचं खास न्यायालय रद्द झालं आणि छपाईवरचा लगाम सुटला. लंडनमधला एक पुस्तकविक्रेता, जॉर्ज थॉमेसन, त्याच सुमारास हाती लागेल ते पत्रक, पुस्तिका आणि बातमीपत्र जमवू लागला. १६६१ पर्यंत त्याच्याकडे सुमारे २२,००० नग साठले. निम्म्याहून अधिक लोकांना सही करता येत नव्हती हे खरं, पण वाचणारा एक आणि ऐकणारे दहा अशी ती व्यवस्था होती.

पार्लमेंटने लढाई जिंकली ती १६४५ मध्ये उभारलेल्या ‘न्यू मॉडेल’ सैन्याच्या जोरावर. पायदळातल्या शिपायाला दिवसाला ८ पेन्स मिळायचे, म्हणजे मिळायला हवे होते. १६४७च्या वसंतात पायदळाचा १८ आठवड्यांचा आणि घोडदळाचा ४३ आठवड्यांचा पगार थकला होता. पार्लमेंटचा बेत असा की थोडी थकबाकी हातावर ठेवायची, बऱ्याच पलटणी मोडायच्या आणि उरलेल्यांना आयर्लंडला धाडायचं. शिपायांना आणखी एक भीती होती. युद्धात हुकमावरून ज्यांचे घोडे ओढून आणले, ते मालक आता चोरीचे दावे लावतील. तेव्हा पलटणींनी आपापले प्रतिनिधी निवडले. थकलेल्या पगारापासून सुरू झालेली ही गोष्ट सहा महिन्यांत कुठे पोचली पाहा.

२८ ऑक्टोबर १६४७ रोजी थेम्सकाठी पटनीच्या सेंट मेरी चर्चमध्ये सैन्याची सभा बसली. अध्यक्षस्थानी ऑलिव्हर क्रॉमवेल. समोर ‘लोकांचा करारनामा’ नावाचा मसुदा, लेव्हलर मंडळींच्या, म्हणजे मताधिकार वाढवा आणि कायद्यापुढे सगळे समान असं म्हणणाऱ्यांच्या, विचारांचा. दुसऱ्या दिवशी वाद पेटला तो मताधिकारावर. १४३० पासून परगण्यांत मत त्यालाच होतं, ज्याच्या मालकीच्या जमिनीचं उत्पन्न वर्षाला ४० शिलिंग होतं. कर्नल टॉमस रेन्सबरो उठून म्हणाला, इंग्लंडमधल्या सर्वांत गरीब माणसालाही सर्वांत मोठ्या माणसासारखंच जगायला एक आयुष्य आहे, आणि म्हणून ज्याला एखाद्या सरकारखाली राहायचंय त्याने आधी आपल्या संमतीने त्या सरकारखाली यायला हवं. क्रॉमवेलचा जावई हेन्री आयर्टन याने त्याला अडवलं. ज्याचा या राज्यात कायमचा, स्थिर हितसंबंध नाही, म्हणजे जमीन नाही की व्यापारी संघाचं सभासदत्व नाही, त्याला राज्यकारभारात वाटा कसला? आज निसर्गदत्त हक्क म्हणून मत मागाल, उद्या त्याच हक्काने माझी मालमत्ताही मागाल. रेन्सबरोचं उत्तर होतं की चोरी करू नको ही देवाचीच आज्ञा आहे, मालमत्तेला त्यापासून धोका नाही.

मग एडवर्ड सेक्स्बी हा शिपायांचा प्रतिनिधी बोलला. त्याचा आशय असा: आमच्यातल्या हजारोंनी जीव धोक्यात घातला. आमच्याकडे जमीनजुमला नव्हता, पण जन्मसिद्ध हक्क होता. आता तुम्ही सांगता की जमीन नसलेल्याला या राज्यात हक्कच नाही, मग आमची इतकी फसवणूक झालीच कशी?

मला हा क्षण पूर्ण सतराव्या शतकातला सर्वांत मोठा वाटतो, राजाच्या शिरच्छेदापेक्षाही. राजे याआधीही मारले गेले होते. पण जिंकलेल्या सैन्यातला शिपाई सेनापतीसमोर उभा राहून ‘आम्ही कशासाठी लढलो ते सांगा’ असं विचारतो आणि सेनापतीला बसून ऐकावं लागतं, हे नवीन होतं. हा संवाद आपल्यापर्यंत आला तो विल्यम क्लार्क या चिटणिसामुळे. त्याची टिपणं पुढे ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजमध्ये पडून राहिली आणि १८९१ मध्ये छापली गेली. तोवर पटनीत काय बोललं गेलं ते जवळजवळ कुणाला माहीत नव्हतं.

लेव्हलरांनाही मर्यादा होत्या, त्या झाकू नयेत. मॅक्सिमिलियन पेटी म्हणाला की नोकर, धंदा शिकणारे शिकाऊ कारागीर आणि भिक्षेवर जगणारे यांना वगळायला आपली हरकत नाही, कारण ते दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतात. स्त्रियांना मत असावं असं पटनीत कुणीच म्हणालं नाही. १६४९ मध्ये अटकेतल्या लेव्हलर नेत्यांसाठी लंडनच्या बायकांनीच अर्ज घेऊन पार्लमेंट गाठलं, तर त्यांना घरी जाऊन आपलं घरकाम बघायला सांगण्यात आलं.

पुढचं वेगाने घडलं. नोव्हेंबरात राजा हॅम्प्टन कोर्टच्या कैदेतून निसटला, वेअर गावाजवळ सैन्यातली कुरबूर मोडून एका शिपायाला गोळी घातली गेली, आणि ३० जानेवारी १६४९ रोजी व्हाइटहॉलसमोर चार्ल्सचं डोकं उडवलं. त्याच वर्षी मे महिन्यात बंड केलेल्या सुमारे ३४० शिपायांना क्रॉमवेलने बरफर्डच्या चर्चमध्ये कोंडलं आणि १७ तारखेला तिघांना आवारात गोळ्या घातल्या. आत कोंडलेल्या एकाने बाप्तिस्म्याच्या कुंडाच्या शिशावर आपलं नाव कोरलं, अँथनी सेडली, १६४९, कैदी. ते अजून तिथे आहे. सरेतल्या सेंट जॉर्ज हिलवर जेरार्ड विन्स्टॅन्ली आणि त्याच्या सोबत्यांनी पडीक गायरान खणून भाजी लावली होती, त्यांनाही हुसकावलं गेलं. पण ऑक्टोबरात लेव्हलरांचा नेता जॉन लिलबर्न याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा लंडनच्या ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. गावकारभाराबद्दल वर इतकं लिहिलं ते यासाठी. त्या ज्यूरीत बसलेले लंडनचे साधे व्यापारी-व्यावसायिकच होते, आणि सरकारचं त्यांच्यापुढे चाललं नाही.

आता १६६०. दुसरा चार्ल्स परत आला. पण सगळं पूर्ववत झालं नाही. स्टार चेंबर परत आलं नाही, जहाजपट्टी परत आली नाही. आणि एक व्यवहार असा झाला की त्यावरून या युद्धात कोण जिंकलं ते नेमकं कळतं. पूर्वी मोठ्या जमीनदाराचा वारस अल्पवयीन असला की त्याचं पालकत्व राजा विकायचा आणि त्या घराण्याला लुटायचा. १६६०च्या कायद्याने हा हक्क कायमचा रद्द केला. राजाचं बुडालेलं उत्पन्न भरून काढायला जमिनीवर कर बसवावा असा विचार पुढे आला होता, तो मागे पडला आणि अबकारी कराचा निम्मा वाटा राजाला कायमचा दिला गेला. हा कर पार्लमेंटने १६४३ मध्ये युद्धखर्चासाठी आणला होता. बिअरवर तो होता, काही काळ मांसावरही, आणि म्हणूनच १६४७च्या फेब्रुवारीत स्मिथफील्डच्या बाजारात लोकांनी अबकारीची कचेरी जाळली होती. जमीनदाराची सुटका झाली आणि तिचे पैसे बिअर पिणाऱ्या मजुराने भरले.

त्याच कायद्यात कॉपीहोल्डच्या जमिनीला, म्हणजे मॅनॉरच्या (जमीनदाराच्या जहागिरीच्या) दप्तरातल्या नोंदीवर कसणाऱ्या कुळांच्या जमिनीला, स्पष्टपणे हात लावला नाही. मालकाला द्यायची दस्तुरी, वारसाहक्काचा नजराणा, सगळं तसंच राहिलं. ती पद्धत शेवटी संपली १९२६ मध्ये. आणि रेन्सबरोने मागितलेलं मत सर्व प्रौढ पुरुषांना १९१८ मध्ये मिळालं.