अमेरिकेत लोकांना उमेदवाराची वाटणारी भीती आणि त्याच्यावरचे जोक्स हे ट्रम्पपासूनच सुरू झालं का?

नाही, १९६४ ला रिपब्लिकन पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार बॅरी गोल्डवॉटरच्या वेळी हे सगळं होऊन गेलंय. ‘मनातून तुम्हाला माहितीये, तो बरोबर आहे’ ही त्याची घोषणा, विरोधकांनी तिचं करून टाकलं ‘आतून तुम्हाला माहितीये, तो येडा आहे’. क्रेमलिनच्या (मॉस्कोतलं सोव्हिएत सरकारचं मुख्यालय) बाथरूममध्ये एक बॉम्ब टाकावा असं तो स्वतःच बोलला होता, त्यामुळे लोक हसत पण होते आणि घाबरत पण होते, कारण क्यूबाचं संकट, ज्यात अमेरिका-सोव्हिएत अणुयुद्ध थोडक्यात टळलं, ते होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. त्याच्याविरुद्ध उभा असलेला तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन, त्याच्या टीमने फुलाच्या पाकळ्या मोजणारी लहान मुलगी आणि मग अणुस्फोट अशी जाहिरात ७ सप्टेंबरला दाखवली, पैसे देऊन फक्त एकदाच, गोल्डवॉटरचं नावही न घेता, तरी सगळ्यांना कळलं. सगळ्यात वाईट म्हणजे ‘फॅक्ट’ नावाच्या मासिकाने हजारो मानसोपचारतज्ज्ञांना पत्रं पाठवून विचारलं की हा माणूस मानसिकदृष्ट्या लायक आहे का, आणि १,१८९ जणांनी त्याला न तपासता ‘नाही’ लिहिलं! हे मला खरंच भयंकर वाटतं. त्याने केस केली, जिंकला, आणि १९७३ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला की न तपासलेल्या माणसाबद्दल जाहीर निदान करायचं नाही. फरक एवढाच की तेव्हाची भीती मुख्यतः अणुयुद्धाची होती, ट्रम्पच्या बाबतीत ती लोकशाही, कोर्ट, इमिग्रेशन अशी बरीच पसरलेली आहे, आणि गोल्डवॉटर फक्त ६ राज्यं जिंकून सपाटून हरला होता.